सिग्नेटी इंडियाना सोडतील का?

श्रोतेहो, नमस्कार.

२१ डिसेंबर २००६ रोजी मायामी डॉल्फिन्स या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक निक सेबन पत्रकारांसमोर आले, तेव्हा कित्येक दिवस चाललेला एकच प्रश्न त्यांना पुन्हा विचारण्यात आला. वैतागून ते म्हणाले की, आता हे एकदा बोलूनच टाकावे लागणार असे दिसते. मी अलाबामाचा प्रशिक्षक होणार नाही. त्यानंतर तेराव्या दिवशी, ३ जानेवारी २००७ रोजी, त्यांनी आठ वर्षांसाठी ३ कोटी २० लाख डॉलरच्या बोलीवर अलाबामा विद्यापीठाचे प्रशिक्षकपद स्वीकारले. पुढे सतरा मोसमांत त्यांनी त्या विद्यापीठाला सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली.

सेबन यांनी अलाबामात जमवलेल्या पहिल्या साहाय्यकांमध्ये कर्ट सिग्नेटी नावाचे गृहस्थ होते. शाळाशाळांतून खेळाडू हेरून आणणे आणि चेंडू झेलणाऱ्या गड्यांना तयार करणे हे त्यांचे काम होते. आज ते इंडियाना विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक आहेत, जानेवारी २०२६ मध्ये त्यांच्या संघाने सोळापैकी सोळा सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, आणि आता तोच जुना प्रश्न त्यांच्याविषयी विचारला जाणे अपरिहार्य आहे. एवढे यश मिळवलेला माणूस तिथेच राहील का?

प्रश्नाचे वजन कळावे म्हणून थोडी पार्श्वभूमी सांगतो. महाविद्यालयीन प्रशिक्षक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जिमखान्याचे सर येतात, शिट्टी आणि हजेरीपट घेतलेले. अमेरिकेत मात्र मोठ्या विद्यापीठाचा फुटबॉल प्रशिक्षक हा बहुतेक वेळा त्या राज्याच्या सरकारी पगारपत्रकावरचा सर्वांत महागडा माणूस असतो; राज्यपालाचा आणि कुलगुरूंचा पगार त्याच्यापुढे किरकोळ वाटतो. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. ज्यांची मुले तिकडे शिकायला गेली आहेत अशा मराठी घरांना एव्हाना ठाऊक झाले असेल की, सामन्याच्या शनिवारी त्या गावात गाडी लावायला जागा मिळत नाही.

इंडियाना हे मात्र असे फुटबॉलचे गाव कधीच नव्हते. पाच राष्ट्रीय विजेतेपदांमुळे तिथे बास्केटबॉलचा दरारा होता, आणि फुटबॉलमध्ये सिग्नेटी आले तेव्हा मोठ्या विद्यापीठांमधील सर्वाधिक पराभवांची नोंद याच विद्यापीठाच्या नावावर होती. २०२३ च्या मोसमात बारापैकी नऊ सामने त्यांनी गमावले होते. आल्या आल्या सिग्नेटी यांनी, मी जिंकतो, गुगल करून बघा, असे सांगितले तेव्हा लोक हसले असतील. पण पहिल्याच मोसमात संघाने अकरा सामने जिंकले आणि दोनच हरले. दुसऱ्या मोसमाचे वर आलेच आहे.

आता यशस्वी प्रशिक्षक जातात का, या मूळ मुद्द्याकडे येतो. जातात, आणि बहुतेक वेळा सर्वांत वाईट क्षणी जातात. याचे ताजे उदाहरण लेन किफिन यांचे आहे. मिसिसिपी राज्यातल्या ऑक्सफर्ड गावी असलेले त्यांचे विद्यापीठ ‘ओल मिस’ या लाडक्या नावाने ओळखले जाते. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस त्यांच्या संघाचे अकरा विजय आणि एकच पराभव झाला होता, राष्ट्रीय बाद फेरीतील स्थान जवळजवळ पक्के होते, आणि नेमक्या त्याच वेळी, ३० नोव्हेंबरला, किफिन यांनी शेजारच्या लुइझियाना स्टेट विद्यापीठाचे पद घेतल्याची बातमी आली. बाद फेरीपर्यंत संघ आपल्याच हाती असावा अशी त्यांची इच्छा होती. ओल मिसने ती साफ नाकारली. त्या दिवशी गावच्या छोट्या विमानतळाच्या कुंपणाबाहेर चाहते जमले होते आणि विमानाकडे निघालेल्या किफिन यांना ते ओरडून ओरडून शिव्या देत होते. ज्या गावाने दोन दिवसांपूर्वी त्यांना डोक्यावर घेतले होते, त्याच गावाने त्यांची अशी पाठवणी केली.

चाहत्यांचा राग मला समजतो, परंतु सगळा दोष माणसाच्या लोभावर ढकलणे मला पटत नाही, कारण यातला मोठा दोष वेळापत्रकाचा आहे. साखळी सामने नोव्हेंबरच्या शेवटी संपतात, शालेय खेळाडूंनी विद्यापीठांशी करार करण्याचा दिवस डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येतो, आणि बारा संघांची बाद फेरी डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होऊन जानेवारीत संपते. ज्या विद्यापीठाची खुर्ची रिकामी आहे ते बाद फेरी संपेपर्यंत थांबले, तर पुढच्या वर्षाचे खेळाडू हातचे जातात. म्हणजे लग्नाची तिथी अशी धरलेली आहे की, जो नवरदेव होणार त्याला दुसऱ्या मांडवातून उठूनच यावे लागते. किफिन यांनी ज्यांची जागा घेतली त्या ब्रायन केली यांनीही २०२१ मध्ये नोत्र दाम विद्यापीठ असेच सोडले होते, अकरा विजय आणि एक पराभव अशी कामगिरी असताना. लुइझियानाने त्यांना दहा वर्षांचा करार दिला आणि चौथ्याच मोसमात, ऑक्टोबर २०२५ मध्ये, हातात नारळ दिला. करारानुसार भरपाई सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलर निघत होती. विद्यापीठे स्वतः इतक्या सहजपणे माणूस काढतात, तेव्हा निष्ठेची अपेक्षा एकाच बाजूकडून करणे जरा चमत्कारिकच म्हटले पाहिजे.

पैशाविषयी एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. पगाराच्या आकड्यावरून कोण जाणार याचा अंदाज बांधणारे बहुधा फसतात. या दर्जाच्या प्रशिक्षकाला दुसरीकडून जेवढे देऊ केले जाते तेवढे घरचे विद्यापीठही देऊ शकते. त्याचा दलाल दोन्हीकडे बोलून आकडा सारखा करून घेतो. मग माणूस कशासाठी जातो? माझ्या मते, आहे त्या जागी राहून जे कधीच जिंकता येणार नाही असे त्याला वाटते, त्यासाठी तो जातो. क्वचित घरच्या ओढीनेही जातो. प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांनी १९५७ चा मोसम संपल्यावर टेक्सास ए अँड एम विद्यापीठ सोडून अलाबामाची वाट धरली, तेव्हा आईने हाक मारली एवढेच कारण त्यांनी दिले होते; तरुणपणी ते अलाबामाकडूनच खेळले होते.

सिग्नेटी यांना अशी घरची हाक येऊन गेली आहे. त्यांचा जन्म पेनसिल्व्हेनियातील पिट्सबर्गचा. १२ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या राज्यातील पेन स्टेट विद्यापीठाने आपल्या प्रशिक्षकाला काढले आणि लागलीच सिग्नेटी यांचे नाव घेतले जाऊ लागले. इंडियानाने चारच दिवसांत त्यांच्याशी आठ वर्षांचा, वर्षाला सरासरी १ कोटी १६ लाख डॉलरचा नवा करार केला. गंमत अशी की, पुढच्याच महिन्यात त्यांचा संघ पेन स्टेटच्या मैदानावर खेळायला गेला. सामना हातचा जाण्याच्या बेतात होता. शेवटच्या मिनिटात फर्नांडो मेंडोझा याने फेकलेला चेंडू ओमर कूपर याने मागच्या रेषेशी हवेत झेलला आणि तोल जात असताना एका पायाचा चवडा कसाबसा रेषेच्या आत टेकवला. त्या मैदानावर इंडियानाने मिळवलेला हा पहिलाच विजय होता.

परंतु या माणसाचा स्वभाव ज्यातून कळतो ती गोष्ट याहून बरीच जुनी आहे. २०११ मध्ये सिग्नेटी अलाबामात होते, सेबन यांच्यासोबत एक राष्ट्रीय विजेतेपद अनुभवून झाले होते, आणि वयाची पन्नाशी समोर दिसत होती. त्या वेळी त्यांनी अलाबामा सोडले आणि पगारात मोठी घट सोसून दुसऱ्या श्रेणीतील एका लहान विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षकपद घेतले, जिथे त्यांच्या वडिलांनी, फ्रँक सिग्नेटी यांनी, पूर्वी वीस मोसम संघ सांभाळला होता. ते विद्यापीठ पेनसिल्व्हेनियातल्या ज्या गावात आहे त्या गावाचे नाव, योगायोग पाहा, इंडियाना. तिथून इलॉन विद्यापीठ, तिथून जेम्स मॅडिसन विद्यापीठ, आणि मग दुसरे इंडियाना, असा त्यांचा प्रवास झाला. मोठ्या नावापेक्षा आपल्या हातात कारभार असण्याला त्यांनी अधिक किंमत दिली, असे मी यावरून समजतो.

आणि हा कारभार इंडियानात राहूनही मोठा करता येतो, हे गेल्या काही वर्षांत शक्य झाले आहे. पूर्वी उत्तम खेळाडू ठरावीक दहा-पंधरा विद्यापीठांकडेच जात, त्यामुळे लहान जागी नाव कमावलेल्या प्रशिक्षकाला वर चढायचे तर जागा बदलावीच लागे. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावण्याची मुभा मिळाली, विद्यापीठ बदलण्यावरची बंधने सैल झाली, आणि १ जुलै २०२५ पासून तर विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरच्या मर्यादेत. सिग्नेटी यांनी जेम्स मॅडिसनमधले डझनभर खेळाडू सोबत आणले. मेंडोझा कॅलिफोर्निया विद्यापीठातून आला आणि वर्षातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून हाइजमन पारितोषिक घेऊन गेला. १ जानेवारी २०२६ रोजी रोझ बोल या बाद फेरीच्या सामन्यात याच संघाने अलाबामाला ३८ विरुद्ध ३ असे लोळवले. आता अलाबामाने बोलावले, तरी त्यांनी तिथे जाऊन मिळवायचे काय?

उरतो तो व्यावसायिक संघांचा मोह. पीट कॅरल, जिम हार्बो यांच्यासारखे काही जण महाविद्यालयातून तिकडे गेले आणि टिकले. पण दोघेही आधी तिथे काम केलेले होते. स्टीव्ह स्परिअर दोन मोसमांत परतले, आणि अर्बन मायर यांना तर पहिला मोसमही पूर्ण करू दिला गेला नाही. सेबन यांचीही मायामीत अशीच अडचण झाली: २००६ मध्ये संघात घेण्याचा विचार असलेल्या ड्रू ब्रीस यांच्या खांद्याची दुखापत डॉक्टरांना धोक्याची वाटली, संघाने दुसराच क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य गडी, घेतला, आणि ब्रीस न्यू ऑर्लिन्सला जाऊन थोर खेळाडू झाले. तिथे प्रशिक्षकाच्या वर मालक असतो, आणि खेळाडूंच्या एकूण पगाराला कमाल मर्यादा असते. सिग्नेटी यांनी व्यावसायिक संघात कधी काम केलेले नाही, आणि त्यांचा जन्म १९६१ चा आहे. त्या वयात कारभार सोडून परक्याच्या हाताखाली जाणे त्यांच्या आजवरच्या वागण्याशी जुळत नाही.

म्हणून माझे मत असे आहे की, ते जाणार नाहीत. त्यांच्या बोलण्याचा मात्र मी आधार घेत नाही. डिसेंबर २००६ नंतर तो कोणीच घेऊ नये. त्याऐवजी मी विद्यापीठाचे क्रीडाप्रमुख स्कॉट डॉल्सन यांच्याकडे लक्ष ठेवून आहे. सिग्नेटी यांना निवडले त्यांनी, आणि ज्या विद्यापीठाने कधी फुटबॉलवर हात सैल सोडला नव्हता त्याची तिजोरीही उघडली त्यांनीच. डॉल्सन निवृत्त झाले, किंवा खेळाडूंच्या निधीला कात्री लागली, अशी बातमी ज्या दिवशी येईल, त्या दिवशी मी आजचे हे मत मागे घेईन. नमस्कार.