आधी सांगा, चेंडू कुठे आहे

(मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी. खेळाडूवर बोला म्हटल्यावर तुम्हाला वाटलं असेल, आता सचिन येणार. पण मी बोलणार आहे ते आपल्या न्यूयॉर्कच्या मार्टी ग्लिकमनबद्दल, आधी धावपटू आणि पुढे रेडिओवरचा क्रीडा निवेदक. १९१७ साली ब्रॉन्क्समध्ये जन्मला. आईवडील रुमानियातून आलेले ज्यू.

१९३६चं बर्लिन ऑलिंपिक. ४ × १०० मीटर रिलेच्या अमेरिकी चमूत अठरा वर्षांचा मार्टी होता. शर्यतीच्या दिवशी सकाळी प्रशिक्षकांनी सांगितलं, तू आणि सॅम स्टोलर बसा, तुमच्या जागी जेसी ओवेन्स आणि राल्फ मेटकाफ धावतील. ट्रॅक संघात ज्यू दोघंच, आणि वगळले तेही हेच दोघं! कारण काय, तर जर्मनांनी म्हणे वेगवान धावपटू लपवून ठेवलेत. ओवेन्सनं ‘माझी पदकं झाली, यांना धावू द्या’ अशा अर्थाचं बोलून पाहिलं, त्यालाही गप्प केलं. अमेरिका ३९.८ सेकंदांत जिंकली. जर्मनी तिसरी, ४१.२ सेकंद. लपवलेले धावपटू बहुतेक लपलेलेच राहिले. अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीनं मार्टीचा सन्मान केला तो १९९८ साली.

बहुतेकांची गोष्ट इथं संपते. मला मात्र पुढची जास्त आवडते.

सिरॅक्यूज विद्यापीठात तो अमेरिकन फुटबॉलही खेळायचा. एका गाजलेल्या विजयानंतर गावातल्या कपड्यांच्या दुकानदारानं त्याला रेडिओवर बसवलं. आधी बोलताना जीभ अडखळायची. पण पुढे हाच माणूस निक्सच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या बास्केटबॉल संघाच्या, सुरुवातीच्या सामन्यांचं धावतं वर्णन करायला लागला. बास्केटबॉल रेडिओवर जमणार नाही, इतका तो पळापळीचा खेळ, असं तेव्हा अनेकांचं मत होतं. मार्टीनं काय केलं? कोर्टाच्या कोपऱ्या-रेषांची नावं पक्की केली. चेंडू मधल्या रेषेपाशी आहे की ‘की’च्या (बास्केटसमोरच्या आखलेल्या चौकटीच्या) टोकाला, हे ऐकणाऱ्याला दर क्षणी कळायचं. रिंगला न लागता जाळीतून गेला की ‘स्विश’! बाळ ज. पंडितांचं रेडिओवरचं क्रिकेटचं मराठी वर्णन कान देऊन ऐकलेली मंडळी इथं बसली आहेत. चेंडू नेमका कुठे गेला हे न बघता कळण्यातली मजा त्यांना वेगळी सांगायला नको.

८ नोव्हेंबर १९७२ला एचबीओ ही वर्गणीवर चालणारी केबल टीव्ही वाहिनी सुरू झाली, पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरमध्ये, अवघ्या ३६५ वर्गणीदारांसाठी. पहिल्याच रात्री मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला आइस हॉकीचा सामना दाखवला, वर्णन मार्टीचं. तिथल्या क्रीडा विभागाची धुराही त्यानंच सांभाळली. नंतर एनबीसी या टीव्ही कंपनीनं त्याला निवेदकांना शिकवायला नेमलं. बास्केटबॉलचा नामवंत निवेदक मार्व अल्बर्टही त्याच्याच हाताखाली तयार झालेला. शिकवण साधी: ऐकणाऱ्याचा विचार करा. आता पन्नास-साठ वर्षांचा अनुभव पाठीशी असला की माणूस स्वतःच बोलत सुटतो, दुसऱ्याला बोलू देत नाही. यानं मात्र एकामागून एक पोरं माईकसमोर बसवली.