लिनक्स टाकण्याआधी गेमची यादी काढा

मंडळी, लिनक्स ही विंडोजऐवजी टाकता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. 'लिनक्स मला चालेल का?' असं विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, तुम्ही रोज काय उघडता? ब्राउझर, व्हिडिओ, ईमेल, पीडीएफ एवढंच असेल, तर लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचा नवख्यांना सोपा प्रकार, आजच टाका. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. त्यामुळे २०१६ चा धडधाकट लॅपटॉपही नापास. त्यात ८ जीबी रॅम आणि एसएसडी असेल, तर मिंट मजेत चालतं.

टॅलीवर हिशेब किंवा श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये छपाईचं काम असेल, तर मात्र विंडोज ठेवा. श्री-लिपीतला जुना मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, नसतो. तो फॉन्ट नसेल तर लिब्रेऑफिसात (लिनक्सवरचं वर्डसारखं सॉफ्टवेअर) नुसता अक्षरांचा काला दिसतो.

आता गेम. व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये आपल्या स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात प्रोटॉन आणलं; ते विंडोजचे गेम लिनक्सवर चालवतं. विंडोजचा गेम डायरेक्टएक्स या ग्राफिक्सच्या भाषेत बोलतो, प्रोटॉन ते चालता चालता लिनक्सला कळणाऱ्या व्हल्कनमध्ये आणून देतं. एकट्याने खेळायचे बहुतेक गेम असे सरळ चालतात. घोडं अडतं ते ऑनलाइन गेममध्ये, आणि तेही ग्राफिक्सपायी नाही, अँटी-चीटपायी, म्हणजे खेळातली फसवेगिरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरपायी. व्हॅलोरंट, फोर्टनाइट चालत नाहीत. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय ही अशी दोन सॉफ्टवेअर प्रोटॉनवर चालू शकतात, पण परवानगी गेम बनवणाऱ्याने द्यायची असते. दिलेली परवानगी काढूनही घेतात: एपेक्स लेजंड्स लिनक्सवर चालत होता, २०२४ मध्ये बंद केला. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ यांची तर खास लिनक्ससाठीच आवृत्ती आहे. म्हणून मित्रांसोबत रात्री नेमका कोणता गेम खेळता, ते आधी प्रोटॉनडीबी या साइटवर शोधा; कोणता गेम लिनक्सवर कसा चालतो ते खेळणारे तिथे लिहितात.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते डी ड्राइव्हवर. गेम तिथे आधीच उतरवलेले, म्हणून स्टीमला तोच ड्राइव्ह दाखवतात. प्ले दाबलं की बटण क्षणभर बदलतं आणि पुन्हा प्ले. एररसुद्धा येत नाही. कारणं दोन. फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज पूर्ण बंद होत नाही, मग लिनक्स तो ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता जोडतं. दुसरं, प्रोटॉन आपल्या फोल्डरात 'सी' आणि पुढे विसर्गासारखं चिन्ह अशा नावाची लिंक बनवतं. विंडोजच्या एनटीएफएस या ड्राइव्हच्या फॉरमॅटमध्ये ते चिन्ह नावात चालत नाही. ड्राइव्हची जुळवाजुळव करत बसू नका. गेमसाठी ईएक्सटी४ या लिनक्सच्या फॉरमॅटचं वेगळं पार्टिशन (डिस्कचा भाग) करा आणि गेम तिथे पुन्हा उतरवा.

एनव्हिडियाचं कार्ड असेल, तर ड्रायव्हर मॅनेजरमधला 'रेकमेंडेड' लिहिलेला ड्रायव्हर घ्या. सिक्युअर बूट (सुरू होताना अनोळखी सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू असेल तर तो एक पासवर्ड ठरवायला सांगतो आणि रीस्टार्टला निळी स्क्रीन येते. तिथे घाईने 'कंटिन्यू' दाबलं की ड्रायव्हर लोडच होत नाही, आणि मग 'लिनक्सवर गेम रखडतात' ही तक्रार. 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा.

हे सगळं करण्याआधी ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, मिंट त्यावर चढवा आणि इन्स्टॉल न करता तासभर वापरा. वायफाय, आवाज, कॅमेरा, झाकण मिटून उघडणं, सगळं तपासा. वायफाय दिसलंच नाही तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा आणि ड्रायव्हर उतरवून घ्या. विंडोजशेजारीच टाकणार असाल, तर बिटलॉकरची (विंडोजचं ड्राइव्हला लागणारं कुलूप) रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा.