शंभरातून सात

(दृश्य: निफाड तालुक्यातली द्राक्षबाग, सकाळ. खांबाला टांगलेली एक वही.)

ऑक्टोबर छाटणीला महिना झालाय. या दिवसांत डावणी, म्हणजे द्राक्षवेलीवरचा रोग, कधी येईल याचा नेम नाही, म्हणून बहुतेक बागायतदारांकडे फवारणीची वही असते. तारीख, औषध, प्रमाण.

या वहीत एकच फवारणी दोनदा लिहिलीय. पुढची तीन पानं कोरी.

वहीचा मालक खरं तर एक माणूस नाहीच. नैराश्यात लक्ष आणि हिशेब हरवलेल्या बऱ्याच जणांचा मिळून आम्ही तो उभा केलाय. वय ५२. पिंपळगावच्या बाजारात टोमॅटोच्या जाळ्यांचा हिशेब उभ्या उभ्या तोंडी करणारा.

(दृश्य: नाशिक, गंगापूर रोड. दवाखान्याची खोली.)

"दादा, शंभरातून सात वजा करत जा."

त्र्याण्णव. शहाऐंशी.

बराच वेळ काहीच नाही.

"नाही जमत. डोकंच चालत नाही."

घरचे म्हणतात, वय झालं. भाऊ म्हणतो, आळस. गावात कुणीतरी सांगितलं, डोक्याची पट्टी काढा. म्हणजे ईईजी, मेंदूतली वीज नोंदवणारी तपासणी.

टाळूवर पेस्ट लावून वीसएक तारा चिकटवतात. डोळे मिटायला सांगतात. मिटले की डोक्याच्या मागच्या भागातून संथ लाटा उमटतात, सेकंदाला ८ ते १३. ही अल्फा लय. तिची ताकद किती, तर घड्याळातल्या दीड व्होल्टच्या सेलच्या साधारण लाखाव्या हिश्शाएवढी.

माणसाच्या मेंदूची ही वीज १९२४ साली जर्मनीतल्या येना गावी हान्स बर्गर यांनी पहिल्यांदा नोंदवली. छापायला मात्र त्यांनी पाच वर्षं घेतली. पुढे ते स्वतःच नैराश्यात गेले आणि १९४१ साली त्यांनी आयुष्य संपवलं.

(पडद्यावर तळाला: टेलि-मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. मोफत, मराठीतही.)

आपल्या शेतकऱ्याचा रिपोर्ट आला. नॉर्मल.

"मग यांना झालंय तरी काय?" बायको विचारते. प्रश्न रास्त आहे. दवाखान्यातली ही पट्टी मुख्यतः फिट्स शोधायला काढतात. नैराश्य त्यात दिसत नाही.

पण प्रयोगशाळेत थोडं वेगळं दिसतं. कानात एकसारखा आवाज वाजतो: टुक, टुक, टुक. मध्येच एखादा वेगळा: टिंग. फक्त टिंग मोजायचे. टिंग वाजल्यावर सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्शात मेंदूत एक लाट उठते. तिला पी-३०० म्हणतात, १९६५ पासून ती माहीत आहे. लक्ष जेवढं लागतं, तेवढी ती उंच. नैराश्यातल्या माणसांच्या गटात ती सरासरीने बुटकी भरते, काही अभ्यासांत उशिरानेही येते. गटात, हे महत्त्वाचं. एकट्या माणसाची लाट बघून निदान होत नाही. कपाळामागच्या डाव्या-उजव्या अल्फातल्या फरकावरही एकेकाळी मोठी भिस्त होती. नंतरच्या अभ्यासांनी ती बरीच डळमळीत केली. तेव्हा तारांची टोपी घालून पाच मिनिटांत डिप्रेशन सांगतो म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी थोडं थांबा.

निदान होतं बोलण्यातून. मन उदास आहे किंवा कशातच रस नाही, झोप गेलीय, लक्ष लागत नाही, साधा निर्णय होत नाही, आणि हे दोन आठवडे जवळजवळ रोज. सोबत थायरॉइड आणि बी-१२ तपासतात, कारण त्यांच्या कमतरतेनेही डोकं असंच जड होतं. आणि स्मृतिभ्रंश? त्यात आठवणीला टेकू देऊनही फारसा उपयोग होत नाही. नैराश्यात बहुधा होतो. लक्षात ठेवायला दिलेला शब्द दादांना आठवेना. डॉक्टर म्हणाले, "भाजी होती." दादा म्हणाले, "हां, वांगं."

औषधं सुरू झाली. झोप आली, भूक आली, दादा पारावर जाऊन बसू लागले. सगळ्यांना वाटलं, झालं बरं. पण लक्ष आणि वेग बऱ्याच जणांत मागाहून येतात, काहींत थोडी कसर राहतेही.

(दृश्य: पुन्हा बाग. वहीचं पान.)

सध्या वहीत दोघांची हस्ताक्षरं आहेत. तारीख आणि औषध बायकोच्या हातचं.

"अहो, लिटरला किती?"

ते डबा फिरवून बघतात, बोटांवर काहीतरी मोजतात. ती पेन धरून उभी. मग पेन स्वतः घेऊन ते आकडा लिहितात.

(आवाज: फवारणीचा ट्रॅक्टर सुरू होतो.)