खिडकीतलं शिसं आणि सरकारी अर्ज

[दृश्य: बर्फाळ रस्ता, जुनं दुमजली लाकडी घर. कॅमेरा वरच्या खिडकीवर जातो.]

अमेरिकेतलं रॉचेस्टर शहर. न्यूयॉर्क राज्यातलंच, पण मॅनहॅटनच्या झगमगाटापासून गाडीने पाच-सहा तास लांब. ऑन्टारिओ सरोवराच्या काठचं, कोडॅक कंपनीचं गाव. इथली बहुतेक घरं 1978 च्या आधीची आहेत, आणि त्यातली कितीतरी शंभरी गाठलेली.

ही खिडकी नीट बघा. हिला आपल्याकडच्या जुन्या खिडक्यांसारखी दोन दारं नाहीत. काचेची चौकट खाचेतून वर सरकवायची, खाली ओढायची. दर वेळी लाकडावर लाकूड घासतं. वर्षानुवर्षं एकावर एक चढवलेल्या शिसंयुक्त रंगाची पूड होते, कठड्यावर साचते, तिथून जमिनीवर उतरते. जमिनीवर रांगतं मूल. मुलाचा हात तोंडात. झालं, एवढ्यात काम होतं. भिंतीचा पोपडा पोराने तोंडात घातला तर आई ओरडेल तरी. ही धूळ कुणाला दिसतही नाही.

रंगात शिसं आलं कशाला? शिशाचा सफेदा घातलेला रंग भिंत चांगली झाकतो, ऊन-पाऊस सोसतो, टिकतो. तो घातक आहे हेही जुनंच ज्ञान. घराच्या आतल्या रंगकामातून सफेदा हद्दपार करण्याचा आंतरराष्ट्रीय करार 1921 मध्येच झाला. अमेरिका त्यात उतरली नाही. बाल्टिमोर शहराने 1951 मध्ये आपल्यापुरती बंदी घातली. देशभर बंदी यायला 1978 उजाडलं. तीही नव्या रंगाला. आधी चढलेला रंग जिथल्या तिथे राहिला.

[दृश्य: शाळेची इमारत, रिकामा वर्ग.]

रॉचेस्टरला हे कळलं एका शाळेतून. शाळा क्रमांक 17 चे मुख्याध्यापक राल्फ स्पेझिओ यांना प्रश्न पडला होता, की आपल्याकडे येणाऱ्या इतक्या मुलांना शिकणं जड का जातं? शिशाने लहान मुलांच्या मेंदूला इजा होते, म्हणून त्यांनी रक्तचाचण्यांच्या नोंदी तपासायला लावल्या. नव्याने दाखल झालेल्या मुलांपैकी 41 टक्के मुलांच्या रक्तात कधी ना कधी जादा शिसं आढळलं होतं. तेही तेव्हाच्या ढिल्या मापाने, म्हणजे डेसिलिटरला 10 मायक्रोग्रॅम. आज अमेरिकेत आकडा 3.5 वर पोहोचला की दखल घेतात. या धक्क्यातून लोक एकत्र आले, आणि 2005 च्या डिसेंबरात शहराने कायदा केला: भाड्याच्या जुन्या घरांची शिशासाठी तपासणी व्हायलाच हवी.

पण तपासणीत दोष निघाला, तर खिडक्या बदलायचा खर्च कोण करणार?

इथे येतं अनुदान. 1992 च्या केंद्रीय कायद्याने दोन गोष्टी केल्या. पहिली अमेरिकेत जुन्या घरात राहिलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाच्या हातून गेलेली असते: 1978 पूर्वीचं घर विकताना किंवा भाड्याने देताना शिशाविषयी लेखी कल्पना आणि एक पुस्तिका द्यायची. भाडेकराराच्या गठ्ठ्यात तो कागद असतो. आपण सही करतो आणि पुढचं पान उलटतो.

दुसरी गोष्ट पैशाची. केंद्राचं गृहनिर्माण खातं शिसं हटवायला निधी देतं, पण तो घरमालकाला थेट मिळत नाही. वॉशिंग्टनला अर्ज करायचा तो शहराने, काउंटीने (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) किंवा राज्याने. त्यातही चढाओढ. आमच्याकडे जुनी घरं किती, बाधित मुलं किती, परवानाधारक कंत्राटदार किती, आम्ही किती घरं करून दाखवू, हे सगळं मांडायचं आणि पदरचे किमान 10 टक्केही घालायचे. निधी मिळाला की तीन-चार वर्षांच्या मुदतीत ठरलेली घरं पुरी करायची. यात अनेक शहरं मागे पडली आहेत. तिजोरीत पैसा पडून आणि घरात धूळ पडून, असं चित्र त्यातून तयार होतं.

का? तर पुढचा अर्ज बघा. हा कुटुंबाचा.

[दृश्य: स्वयंपाकघरातलं टेबल, त्यावर पसरलेले कागद.]

खरेदीखत. घरपट्टी भरल्याची पावती. घराचा विमा. पगाराच्या चिठ्ठ्या, आयकराचं विवरण, घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसाचं. मुलाचा जन्मदाखला. रक्ताचा अहवाल असेल तर तोही.

अटी मुख्यतः तीन. घर 1978 च्या आधीचं हवं. स्वतः राहणाऱ्या मालकाचं उत्पन्न त्या भागातल्या मध्यम उत्पन्नाच्या 80 टक्क्यांच्या आत हवं. आणि घरात सहा वर्षांखालचं मूल किंवा गरोदर बाई हवी. मूल राहत नसेल पण नियमित येत असेल, तरी चालतं. आजीकडे ठेवलेलं नातवंड यात बसतं. अनेक शहरांच्या अर्जात त्याचंही माप असतं: वर्षाकाठी किमान 60 तास.

भाडेकरूचं दुखणं वेगळं. घर मालकाचं, मूल भाडेकरूचं. सही मालकाची हवी, उत्पन्नाचे दाखले मात्र भाडेकरूचेही. मालकाला वाटतं, सरकारी माणूस घरात शिरला की आणखी चार दोष काढेल. भाडेकरूला वाटतं, मालक चिडला तर जायचं कुठे? दोघेही गप्प बसतात. आमच्या मते या योजनेचं घोडं पैशापेक्षा इथे जास्त अडतं. ज्याला सर्वाधिक गरज, त्याच्या हातात अर्ज भरायचा अधिकारच नाही.

अर्ज मंजूर झाला की येतो तपासनीस. त्याच्या हातात क्ष-किरणांचं पिस्तुलासारखं यंत्र. ते भिंतीला टेकवलं की रंग न खरवडता शिशाचा आकडा दिसतो. चौरस सेंटिमीटरला 1 मिलिग्रॅम किंवा जास्त, तर रंग शिशाचा. रस्त्याकडची भिंत 'ए', मग घड्याळाच्या दिशेने बी, सी, डी. खोलीमागून खोली, दार, चौकट, कठडा. शेवटी अहवाल एखाद्या जाड वहीएवढा होतो.

आणि मुलाच्या रक्तात शिसं आधीच सापडलेलं असेल, तर आरोग्य खात्याचा माणूस आणखीही विचारतो. भारतीय घरात तर नक्कीच. हळद कुठून आणली? गावाहून, पाकिटाशिवाय सुटी आली का? कुंकू, सुरमा, धातूंची भस्मं घातलेली काही रसौषधी? प्रश्न रास्त आहेत. या सगळ्यांत शिसं सापडल्याची उदाहरणं आहेत, आणि नव्या खिडक्या बसवून हळदीतलं शिसं जात नाही.

[दृश्य: प्लॅस्टिकने झाकलेली खोली, पांढऱ्या पोशाखातले कामगार.]

काम सुरू झालं की कुटुंबाला काही दिवस बाहेर राहावं लागतं. जमीन प्लॅस्टिकने झाकतात, कोरडं घासणं टाळतात, खिडक्या चौकटीसकट काढतात. काम झाल्यावर ओल्या कपड्याने पुसून, खास गाळणीच्या यंत्राने धूळ ओढून घर स्वच्छ करतात. मग जमिनीवर एक चौरस फूट आखून ओल्या रुमालाने पुसतात आणि तो रुमाल प्रयोगशाळेत जातो. 2024 मध्ये केलेल्या केंद्रीय नियमात धुळीतल्या शिशाची मर्यादा आणखी खाली आणली: जमिनीवर चौरस फुटाला 5 मायक्रोग्रॅम, खिडकीच्या कठड्यावर 40. नापास झालं तर पुन्हा धुणं, पुन्हा नमुना.

मालकावर पुढेही बंधन राहतं. अनुदानातून दुरुस्त झालेलं भाड्याचं घर रिकामं झालं, तर निदान तीन वर्षं लहान मुलांच्या कुटुंबाला पहिला मान द्यायचा. अनेक शहरांत ठरावीक वर्षांच्या आत घर विकलं तर पैसे परत करावे लागतात.

न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी एक गोष्ट. तिथे 2022 च्या जुलैपासून 1978 पूर्वीच्या बहुतेक भाड्याच्या घरांची शिशासाठी तपासणी सक्तीची आहे. तुम्ही भाडेकरू असाल, तर तपासणीचा दाखला मालकाकडे मागा.

बाकी कुठेही असलात तर पहिला फोन शहराच्या किंवा काउंटीच्या आरोग्य खात्याला. दुसरा मुलाच्या डॉक्टरला, रक्तचाचणीसाठी. अनुदानाची यादी लांब असते, थांबावं लागतं. तोवर कठडे आणि जमीन ओल्या फडक्याने पुसा, मुलाचा पाळणा खिडकीपासून दूर सरकवा. आणि रविवारी मोकळा वेळ मिळाला म्हणून पॉलिश पेपर घेऊन खिडकी घासायला बसू नका. जे शिसं रंगाखाली दबून होतं, ते संध्याकाळपर्यंत घरभर झालेलं असेल.