थंड मुलखातली जुनी विजेची गाडी: घ्यावी की नाही?

मित्रहो, गोव्यात बसून बर्फातल्या गाडीविषयी बोलणे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु आपल्यापैकी अनेकांची मुले आज कॅनडात आहेत, आणि ‘जुनी विजेवरची गाडी स्वस्तात मिळते आहे, घेऊ का?’ असा त्यांचा फोन आला की आपल्याला काय सांगावे ते सुचत नाही. कंपनीने गाडी नवी असताना जाहीर केलेला पल्ला, म्हणजे एकदा पूर्ण चार्ज केल्यावर गाडी कापते ते अंतर, बाजूला ठेवावा आणि जानेवारीतल्या सर्वांत वाईट दिवसाचा हिशेब मांडून मगच ठरवावे, असे मी सुचवीन.

पेट्रोलच्या इंजिनात इंधनातली बहुतांश ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते आणि हिवाळ्यात तीच गाडीच्या आतली हवा तापवते. विजेच्या मोटारीत अशी फुकटची ऊब फारशी निर्माण होत नसल्यामुळे हीटर बॅटरीवरच चालतो. अमेरिकेतल्या ‘एएए’ या वाहनचालकांच्या संघटनेने 2019 साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत उणे 7 अंश सेल्सिअसला हीटर बंद असताना गाड्यांचा पल्ला सरासरी 12 टक्के घटला, तर हीटर सुरू करताच ही घट 41 टक्क्यांवर गेली. कॅनडातल्या विनिपेगसारख्या शहरात पारा उणे 20 च्याही खाली उतरतो, तेव्हा याहून अधिक घट गृहीत धरणे शहाणपणाचे.

आता हिशेब करू. समजा, मुलाचे घर आणि कचेरी यांतले अंतर मडगाव-पणजीएवढे, म्हणजे साधारण 35 किलोमीटर, अर्थात जाऊन-येऊन 70 आहे. 2011 सालच्या निसान लीफचा अमेरिकी सरकारी चाचणीतला पल्ला 117 किलोमीटर होता. वयोमानाने बॅटरीची पाव क्षमता गेली असे धरले तर उरले सुमारे 88, आणि त्यातून 41 टक्के वजा केल्यावर जेमतेम 52. म्हणजे मडगावहून निघालेली ही गाडी पणजीला पोहोचेल, पण परतताना झुआरी पूल ओलांडल्यावर फार पुढे जाणार नाही, आणि तेही कुठे वळसा घ्यावा लागला नाही तर. याउलट 2017 सालच्या शेव्हरोले बोल्टचा पल्ला 383 किलोमीटर होता. त्यातली दहावा हिस्सा क्षमता गेली तरी त्याच थंडीत 200 च्या आसपास उरतात. आगीच्या धोक्यामुळे या गाड्या कंपनीने परत बोलावल्या आणि त्यांतल्या कित्येकींना नवी बॅटरी बसवून मिळाली. तशी लेखी नोंद असलेली बोल्ट मिळाली, तर मी स्वतः लीफच्या दुप्पट किंमत मोजूनही तीच घेईन.

थंडीने घटलेला पल्ला वसंतात परत येतो. उन्हाने गेलेली क्षमता मात्र परत येत नाही, हे आपल्यासारख्या दमट उष्ण प्रदेशातल्या माणसांनी विशेष ध्यानात घ्यावे. पहिल्या लीफमध्ये बॅटरी थंड ठेवण्याची खास यंत्रणा नव्हती, त्यामुळे अ‍ॅरिझोनाच्या उन्हाळ्यात तिची क्षमता झपाट्याने घटल्याच्या तक्रारी 2012 मध्येच आल्या होत्या. म्हणून गाडीने आजवरचे उन्हाळे कुठे काढले, हे तिने किती किलोमीटर कापले याइतकेच खोदून विचारावे. लीफच्या फलकावर क्षमतेच्या बारा पट्ट्या असतात. त्या बाराही दिसल्या तरी बॅटरी नव्यासारखी आहे असे समजू नये, कारण पहिली पट्टी जाईपर्यंत सुमारे 15 टक्के क्षमता आधीच गेलेली असते.

हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली ऊब आत खेचून घेणारी यंत्रणा, असलेली गाडी मिळाली तर हीटरचा खर्च कमी होतो, मात्र कडाक्याच्या थंडीत तो फायदाही आटतो. गोठलेल्या बॅटरीत जोराने वीज भरली तर आतल्या ऋणाग्रावर धातुरूप लिथियम साचून कायमचे नुकसान होते. ते टाळण्यासाठी गाडी स्वतःच चार्जिंगचा वेग उतरवते, आणि रस्त्याकडेच्या जलद चार्जरवर विसंबून निघालेल्या माणसाला तिष्ठत बसावे लागते. त्यामुळे घरी रात्रभर गाडी लावून ठेवता येईल असा प्लग हवाच. तिथल्या साध्या 120 व्होल्टच्या प्लगमधून तासाला सुमारे 1.4 युनिट मिळतात, म्हणजे दहा तासांत 14. त्यातलाही काही भाग बॅटरी ऊबदार ठेवण्यात खर्च होतो. सकाळी निघण्यापूर्वी प्लग न काढताच आतली हवा तापवून घेतली, तर तो भार बॅटरीवर न पडता घरच्या विजेवर पडतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्या मुलाने म्हणून गाडी पाहायला जाण्यापूर्वी घरमालकाला प्लगविषयी विचारावे आणि होकार मिळाल्यास तो भाडेकरारात लिहून घ्यावा.