पहाटे तीनचं मीटर

(वास्तुकला आणि स्थापत्य शाखांच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आयोजकांनी मला विषय दिलाय ‘शाश्वत इमारतींची रचना आणि व्यवस्थापन : पदव्युत्तर शिक्षण’. पत्रिकेवर खाली ‘करिअरच्या संधी’ असंही छापलंय. संधींचं शेवटी बघू, कोणी विचारलंच तर.

तुमच्यापैकी आर्किटेक्चरवाल्यांनी पाच वर्षं आणि सिव्हिलवाल्यांनी चार वर्षं इमारत उभी कशी करायची ते शिकण्यात घालवली. तुमचा अभ्यासक्रम भोगवटा प्रमाणपत्र हातात पडलं की संपतो. इमारत त्यानंतर पन्नास-साठ वर्षं वीज घेते, पाणी घेते, सांडपाणी सोडते. रचना शिकलेला माणूस तिथे क्वचितच पुन्हा फिरकतो. मास्टर्स करायचं असेल तर ते या फिरकण्यासाठी करा, एवढंच माझं म्हणणं आहे. रचनेचे आणखी चार स्टुडिओ करायचे असतील तर त्यासाठी दोन वर्षं आणि फी घालवायची गरज नाही, एखाद्या चांगल्या ऑफिसात नोकरी धरा.

हे का म्हणते ते सांगते. विद्यार्थ्यांना घेऊन मी इमारती बघायला जाते तेव्हा लॉबीत थांबत नाही, थेट प्लँट रूम, म्हणजे यंत्रांची खोली गाठते. पुण्यातल्या एका आयटी इमारतीत, नाव सांगत नाही, लॉबीत सर्वोच्च हरित मानांकनाची काचेची पाटी होती. खाली तळघरात चिलरशेजारी, म्हणजे एसीसाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्राशेजारी, ऑपरेटरची लॉगबुक. दर दोन तासांनी आकडे लिहायचे : चिलरमधून थंड पाणी किती अंशांवर बाहेर पडतं, इमारतीत फिरून किती अंशांवर परत येतं. वहीत लिहिलं होतं ७ आणि १२. सकाळी आठला सात-बारा, दुपारी दोनला सात-बारा, रात्री दहाला सात-बारा, एकाच पेनाने, एकाच दमात. सातबाऱ्यावर विश्वास ठेवायची आपल्याकडे सवयच आहे, त्यामुळे कोणाला शंका आली नव्हती. एका मुलीने परतीच्या पाइपला तापमापक लावला. नऊ अंश.

आता हिशेब बघा. पाणी पाच अंशांचा फरक घेऊन यायला हवं होतं, ते दोनच अंश घेऊन येतंय. तेवढाच गारवा पोचवायला अडीच पट पाणी फिरवावं लागतं. पंप सगळे चालू, दिवसभर. कारण शोधलं तर वरच्या मजल्यांवरच्या एअर हँडलिंग युनिटचे, म्हणजे त्या थंड पाण्यावरून हवा फिरवून ती मजल्यावर सोडणाऱ्या यंत्रांचे, व्हॉल्व्ह उघडेच अडकलेले. म्हणजे गरज असो-नसो, पाणी नुसतं फेरी मारून परत. व्हॉल्व्ह दुरुस्त करायला फार खर्च नव्हता. ते अडकलेत हे कळायला मात्र वहीत खरे आकडे हवे होते.

ऑपरेटरवर रागावू नका. तो कंत्राटदाराच्या कंत्राटदाराकडे कामाला असतो. वही भरलेली आहे का हे तपासणारे होते, वाचणारा कोणी नव्हता. वाचणारा माणूस तयार करणं हे या अभ्यासक्रमाचं काम आहे, आणि रचनेच्या वर्गात ते शिकवलं जात नाही.

ब्रिटनमध्ये १९९५ ते २००२ या काळात ‘प्रोब’ नावाने हे काम पद्धतशीर झालं. इमारत वापरात येऊन दोन-तीन वर्षं झाली की एक चमू परत जायचा, वीज-गॅसची बिलं तपासायचा, तिथे बसणाऱ्या लोकांना विचारायचा आणि जे सापडेल ते इमारतीच्या नावानिशी व्यावसायिक मासिकात छापायचा. चांगल्या म्हणून गाजलेल्या इमारतीसुद्धा कागदावरच्या अंदाजापेक्षा बरीच जास्त ऊर्जा घेताना दिसल्या. कारणं ओळखीचीच : नियंत्रणं इतकी गुंतागुंतीची की कोणी हात लावायला धजेना, आणि इमारत ताब्यात घेणाऱ्याला ती समजावून दिलेलीच नाही. नावानिशी छापायचं, हा भाग मला फार आवडतो. आपल्याकडे कोणी असं करायला निघालं तर पहिल्या अंकाआधी वकिलाची नोटीस येईल.

आपल्याकडची गाठ वेगळ्या जागी आहे. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीत, म्हणजे तुमच्या तोंडी बसलेल्या यूडीसीपीआरमध्ये, हरित मानांकन मिळवणाऱ्या इमारतीला मानांकनाच्या पातळीनुसार ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआय, म्हणजे त्याच भूखंडावर तेवढं जास्त बांधकाम, मिळतो. हेतू उत्तम. पण ही मानांकनं बरीचशी आराखडा आणि बांधकामाच्या टप्प्यावरच्या कागदांवर ठरतात. लग्नपत्रिका बघून संसार कसा चालेल ते सांगण्यासारखं आहे हे. वापरात आल्यानंतरच्या तपासणीची सोय काही पद्धतींत आहे, पण तोवर जादा एफएसआयचे फ्लॅट विकून झालेले असतात. फायदा बिल्डरला, आणि यंत्रणा चालवायची सोसायटीने.

एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं बघा ना. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटरच्या पुढे बांधकाम असलं की पर्यावरण मंजुरी लागते, आणि तिच्या अटींत हे केंद्र आलंच. ते बांधलंही जातं. सोसायटी ताब्यात आली की पहिल्या-दुसऱ्या वर्षी कोणीतरी हिशेब मांडतो : सांडपाण्यात हवा सोडणाऱ्या ब्लोअरचं वीजबिल, ऑपरेटरचा पगार, वरून वासाच्या तक्रारी. मग ब्लोअर ‘गरजेपुरता’ चालवायचा ठराव होतो. ब्लोअर थांबला की हवेवर जगणारे जिवाणू मरतात, ते मेले की वास दुप्पट, आणि वास आला म्हणून पूर्ण बंद. पुढे उन्हाळ्यात तीच सोसायटी टँकर मागवते. यातला तांत्रिक भाग आठवड्याभरात शिकवून होतो. केंद्राची क्षमता पूर्ण वस्तीची धरलेली आणि राहायला आलीत निम्मी कुटुंबं, तर सुरुवातीची दोन वर्षं ते कसं चालवायचं, देखभाल करारात काय लिहायचं, सर्वसाधारण सभेत हा खर्च कसा पटवायचा, याला खरं सत्र लागतं. व्यवस्थापन म्हणतात ते हे.

मोजायला काय लागतं? पहिला आकडा सोपा. वर्षभराची युनिटं भागिले क्षेत्रफळ. समजा ५,००० चौरस मीटरचं कार्यालय वर्षाला ६ लाख युनिटं घेतं, तर दर चौरस मीटरला १२०. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे बीईई, २००९ पासून कार्यालयांना याच आकड्यावर तारे देतं, त्यामुळे तुलनेला आधार आहे. दुसरा आकडा मला जास्त प्रिय : रविवारी पहाटे तीन वाजता इमारत किती वीज घेते? उच्चदाब ग्राहकाच्या मीटरमध्ये ठरावीक मिनिटांनी भार नोंदला जातो, तो मागून घेता येतो. समजा कामाच्या दिवशी दुपारी ४०० किलोवॅट आणि रविवारी पहाटे १५०. कोणी नाही, तरी १५०? मग माणूस हातात टॉर्च घेऊन मजल्या-मजल्यावर जातो. सर्व्हर आणि यूपीएस, हे मान्य. तळघरातले पंखे पूर्ण वेगात, कशासाठी? चौथ्या मजल्याचं एअर हँडलिंग युनिट शनिवारी कोणीतरी ‘ऑटो’वरून ‘हँड’वर टाकलं ते तसंच. अशी एक रात्र विद्यार्थ्याला जे शिकवते ते माझ्या तासाला जमत नाही.

सिम्युलेशनबद्दल, म्हणजे इमारतीचा ऊर्जावापर संगणकावर आधीच मांडून बघण्याबद्दल, थोडक्यात. त्यासाठीचं एनर्जीप्लस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आजच उतरवून घ्या. पण मुलं रंगीत आलेख आणतात तेव्हा मी एकच विचारते, वेळापत्रक कुठलं घातलंस? मॉडेलमध्ये लोक नऊला येतात, सहाला जातात. प्रत्यक्षात दोन मजल्यांवर अमेरिकेच्या वेळेची शिफ्ट असते. बाहेरच्या भिंतींत काचेचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आत ठेवून ईसीबीसी, म्हणजे ऊर्जा संवर्धन इमारत संहिता, पाळल्याचा आनंद होतो, आणि दुपारच्या चकाकीमुळे पडदे कायमचे ओढलेले, आत दिवसभर दिवे.

आता परदेशाचा मुद्दा, कारण निम्म्या मुलांच्या डोक्यात ब्रिटन असतं. एक वर्षाचा अभ्यासक्रम, वेळ वाचतो, मापनाची शिस्त खरोखर शिकायला मिळते. फक्त तिथली इमारत थंडीशी झगडते. जर्मनीत सुरू झालेल्या पासिव्हहाउस मानकाची मुख्य अट अशी : घर उबदार ठेवायला वर्षाला चौरस मीटरमागे १५ युनिटांपेक्षा जास्त ऊर्जा लागू नये. त्या एका अटीवर रत्नागिरीतलं प्रत्येक घर जन्मतःच उत्तीर्ण आहे! आपला झगडा ऊन अडवण्याशी, वारा खेळवण्याशी, कोकणात दमटपणाशी. तिकडून जाड इन्सुलेशन आणि हवाबंद खिडक्या पाठ करून आलेल्यांना इथे छज्जा पुन्हा शिकावा लागतो.

आपल्या हवेवर आपल्याकडेही काम झालंय. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या गटाने भारतीय कार्यालयांतल्या लोकांना त्यांच्या जागेवर जाऊन विचारलं, तापमान मोजलं आणि सुखद तापमानाचं भारतीय सूत्र मांडलं. ते २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत आलंय. खिडक्या उघडणाऱ्या इमारतीसाठी मागच्या तीस दिवसांच्या बाहेरच्या सरासरी तापमानाला ०.५४ने गुणायचं, त्यात १२.८३ मिळवायचे. बाहेरची सरासरी ३० असेल तर उत्तर २९ येतं. २९ अंशांना, वर पंखा असताना, लोक बरं आहे म्हणतात. आणि आपण कार्यालयं २२ वर ठेवून मुलींना शाल पांघरायला लावतो.

कॉलेज निवडताना माहितीपत्रक बाजूला ठेवा. पुण्यात बीएनसीए या आर्किटेक्चर कॉलेजात एनव्हायर्नमेंटल आर्किटेक्चरचं एम.आर्क. आहे, अहमदाबादेत सेप्ट आहे, आणखीही आहेत. कुठेही जा, पण आधी तिथल्या सध्याच्या विद्यार्थ्यांना गाठून विचारा : डेटा लॉगर, म्हणजे तापमान वगैरे सतत नोंदणारी यंत्रं, किती आहेत आणि ते कपाटाबाहेर येतात का? मागच्या वर्षीच्या प्रबंधांपैकी किती वापरातल्या इमारतींवर होते? उत्तरावरून काय ते समजेल.

बोला, प्रश्न. — नोकरी? मिळते. सल्लागार कंपन्या, फॅसिलिटी कंपन्या, बीईईची परीक्षा देऊन ऊर्जा लेखापरीक्षक. पहिली दोन वर्षं बहुधा मानांकनाचे तक्ते भरण्यात जातील, हे आधीच सांगून ठेवते. — प्रमाणपत्र परीक्षा देऊन भागत नाही का? तक्ते भरायला भागतं. पाइपला तापमापक लावायला ती परीक्षा सांगत नाही. — सिव्हिलवाल्यांनी काय करावं? सिमेंट धरा. चुनखडी भाजताना तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, नुसतं इंधन बदलून तो थांबत नाही. म्हणून क्लिंकर, म्हणजे भाजून तयार होणारा सिमेंटचा मुख्य घटक, निम्म्यावर आणून भाजलेली माती आणि चुनखडीची भुकटी वापरणारं एलसी३ सिमेंट आलं. आयआयटी दिल्ली आणि मद्रासचा त्यात मोठा वाटा आहे. साइटवर त्याची कार्यक्षमता, क्युअरिंग, गिलाव्याचे तडे, यावर इथे हवं तेवढं काम पडलंय.

— मागून कोणीतरी विचारतंय, सोसायटीत अभ्यासाला गेलं तर चेअरमन एसटीपीच्या खोलीची चावी देत नाहीत. हो, देत नाहीत. चावी मागूच नका. सेक्रेटरींकडे कॉमन मीटरची बारा महिन्यांची बिलं मागा, ती देतात. ब्लोअरवर त्याची क्षमता लिहिलेली असते, तेवढं सुरक्षारक्षकाकडून फोटो काढून मिळतं. ब्लोअर रोज वीस तास चालला तर महिन्याची युनिटं किती व्हायला हवीत ते काढा आणि बिलाशेजारी मांडून चेअरमनना दाखवा. चावी संध्याकाळी मिळते, वर चहाही.