कयाकमधून तांबोशी: नांगर कुठे, गळ कुठे

नमस्कार मंडळी. खाडीत कयाकवरून गळ टाकणाऱ्यांना शिंगटी आणि काळुंदर सवयीची असतात. नवी जात हवी म्हणून बरेच जण थेट समुद्रात शिरतात. तारकर्ली-देवबागकडे त्याची गरजच नाही. कर्ली खाडीत तांबोशी, म्हणजे मँग्रोव्ह रेड स्नॅपर, आहे. खाडी समुद्राला मिळते त्या संगमाकडे जाऊच नका. तिथे ओहोटीचं पाणी लाटांवर आदळतं आणि कयाक उलटते.

तांबोशी उघड्या पाण्यात क्वचितच सापडते. ती खडकाच्या कपारीत, कांदळाच्या मुळांत, धक्क्याच्या खांबांत दबा धरून बसते. कांदळवनातलं पाणी उतरताना कोळंबी आणि लहान खेकडे बाहेर येतात, म्हणून ओहोटीचे शेवटचे दोन तास धरा. ढोबळ हिशेब जुनाच: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला पहाटे ३, म्हणजे ओहोटी सव्वानऊच्या आसपास संपणार. मालवणकडे आणि खाडीच्या आत थोडा फरक पडतो, म्हणून तक्त्याशी ताडून घ्या.

आता दोरी बघा. २० पौंडांची ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, पुढे गळाकडच्या टोकाला ४० पौंडांचा फ्लुरोकार्बन लीडर, साधारण हातभर. (लीडर कॅमेऱ्याजवळ) खडकावरच्या कालवांची धार लीडर खरवडते. दर मासा सुटला की बोटांनी चाचपा. खरखरीत लागला तर तेवढा तुकडा कापून गाठ नव्याने मारा. ३/० चा सर्कल हुक (टोक आत वळलेला गोल गळ), वर सरकतं शिसं, तळ जेमतेम लागेल इतकंच. जिवंत कोळंबीला शिंगाच्या बुडाशी ओवा. डोक्यातला काळा ठिपका टोचला गेला तर ती लगेच मरते.

खरी मेख नांगराची. मोकळ्या कयाकला मासा खडकाकडे ओढत नेतो, आणि तुम्ही जितकं रील फिरवाल तितके तुम्हीच त्याच्या घराजवळ सरकता. म्हणून खडकाच्या वरच्या अंगाला, प्रवाहात, कयाक खडकापासून १२-१५ मीटरवर थांबेल असा दीड किलोचा नांगर टाका. ३ मीटर पाण्यात निदान १५ मीटर दोरी सोडा. दोरी कडेला मधोमध कधीच बांधू नका, आडवी कयाक पाणी भरून पालथी होते. जोराच्या ओढीत नांगर नाळेलाच, म्हणजे कयाकच्या पुढच्या टोकाला. शेवटच्या तासात ओढ मंदावली की मागच्या टोकाला घ्या, म्हणजे तोंड खडकाकडे राहतं. दोरीच्या टोकाला तरंगता बोया हवाच, एका झटक्यात सोडता आली पाहिजे. लाइफ जॅकेट अंगावर, डिकीत नव्हे.

ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, ३ किलोच्या आसपास, नेहमीपेक्षा घट्ट. मासा लागला की झटका देऊ नका. सर्कल हुक जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. पहिल्या काही सेकंदांत त्याला वळवला नाही तर तो मुळांत शिरलाच समजा.

जाळीत आल्यावर हात ओले करा, गळ पक्कडीने काढा, सुळे बोट फाडतात. पर उघडून आडवा फोटो घ्या, शेजारी पट्टी ठेवा. पाठीवर, मऊ परांच्या खाली मोठा काळा डाग दिसला तर ती बहुधा तांबोशी नाही. तिचीच बहीण जॉन्स स्नॅपर असू शकते. लहान तांबोशीच्या अंगावर फिकट उभे पट्टे आणि गालावर निळ्या रेषा असतात. ही पिल्लं पुढे खोल समुद्रात जाऊन अंडी घालतात, तेव्हा फोटो झाला की लगेच पाण्यात सोडा.